विजेचा परतीचा मार्ग

छत्रपति संभाजीनगराहून बीडकडे जातांना, शहागडला गोदावरी ओलांडण्यापूर्वीं, अंबड तालुक्यांतील वडीगोद्री हें गांव लागतें. या बाजूची जमीन काळी. पावसाळ्यांत ती पाणी पिऊन फुगते आणि वैशाखांत भेगाळते. शेतकऱ्याला मातीचा हा स्वभाव पिकांमुळें ठाऊक असतोच. परंतु विजेच्या तारा विहिरीपर्यंत पोंचल्यापासून याच मातीवर त्याच्या जीविताचीहि भिस्त आहे. ती कशी, हें समजण्यास विजेचा थोडासा पूर्वेतिहास पाहिला पाहिजे.

इटालियन पंडित व्होल्टा यानें १८०० सालीं आपली घटमाला जगापुढें मांडली, तेव्हांपासून एक गोष्ट उघड झाली: निघाल्या ठिकाणीं परत जाण्याची वाट अखंड असेल, तरच वीज वाहते. या जाण्यायेण्याच्या पुऱ्या वाटेला मंडल म्हणतात. उघड्या तारेवर बसलेल्या चिमणीला कांहीं होत नाहीं, याचें कारण तिच्या देहांतून परतीची वाटच नसते. कलोन येथील शिक्षक ओहम यानें १८२७ सालीं या वाहण्याचा हिशेब सांगितला. विजेच्या दाबास वाटेंतील विरोधानें भागलें कीं प्रवाह मिळतो, इतकाच तो नियम. स्वदेशांत त्याची फारशी कदर झाली नाहीं. लंडनच्या रॉयल सोसायटीनें मात्र १८४१ सालीं त्याला कोप्ले पदक देऊन गौरविलें.

मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटांत १८८२ सालीं विजेचे दिवे लागले, ते फार दिवस टिकले नाहींत. त्या काळीं लोकांना विजेची जी भीति वाटे ती मुख्यतः आगीची. त्याच १८८२ सालीं लंडनच्या तारायंत्र-अभियंत्यांच्या संस्थेनें जे नियम प्रसिद्ध केले, तेहि विजेच्या दिव्यांपासून लागणाऱ्या आगीविषयींच होते. एडिसननें १८८० मध्यें पेटंट घेतलेल्या फ्यूजचा हेतुहि हाच, कीं प्रवाह बेसुमार वाढला तर बारीक तार आधीं वितळावी आणि घर वांचावें. हिंदुस्थानांत जीविताच्या व मालमत्तेच्या रक्षणासाठीं विजेचा पहिला कायदा १८८७ सालीं झाला. म्हणजे मुंबईंत १९०७ सालीं विजेची ट्राम धांवूं लागली, किंवा लोणावळ्याकडील तलावांच्या पाण्यावर १९१५ सालीं खोपोलीचें वीजघर चालूं लागलें, त्याच्या कितीतरी आधीं. वडीगोद्रीचा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होता. १९६० सालीं महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाल्यावर खेड्यांकडे तारा झपाट्यानें पसरल्या.

परंतु फ्यूज घराचें रक्षण करतो, माणसाचें नव्हे. घरांतील विजेचा दाब २३० व्होल्ट असतो. ओल्या देहाचा विरोध सुमारें १,००० ओहम धरला, तर त्यांतून पाव अँपिअरहूनहि थोडा कमी प्रवाह जाईल. साठ वॅटचा जुना दिवा जेवढी वीज घेतो, त्याहून ही अधिक नाहीं. पण मनुष्य मरावयास ती पुरेशी आहे. पांच अँपिअरच्या फ्यूजला तिची दादहि लागत नाहीं.

यावर उपाय निघाला तो अर्थिंगचा. रोहित्राची एक बाजू जमिनींत जोडलेली असल्यामुळें जमीन ही परतीची वाटच असते. म्हणून यंत्राची लोखंडी पेटी जाड तारेनें जमिनीशीं जोडतात. आंतली तार पेटीला टेकली, तर वीज या सोप्या वाटेनें लोटते. वाटेचा एकूण विरोध २ ओहम असेल तर ११५ अँपिअर वाहतात आणि पंपाचा १० अँपिअरचा फ्यूज तत्काळ उडतो. वैशाखांत मात्र काळी माती सुकून अर्थिंगच्या पत्र्यापासून सुटते. विरोध ४६ ओहमांवर गेला, तर प्रवाह अवघा ५ अँपिअर. फ्यूज शाबूत, आणि पेटीवर जिवंत वीज टिकून. इकडे शेतकरी पाटाच्या ओल्या चिखलांत अनवाणी उभा राहून त्याच पेटीला हात लावतो. कोळसा-मीठ घालून खड्डा भरण्याची आणि उन्हाळ्यांत त्यांत पाणी ओतण्याची रीत पडली ती यासाठीं. दोन घागरी पाण्याचें मोल तेथें एका प्राणाएवढें आहे.

पुढें अमेरिकेंत चार्ल्स डाल्झील यानें स्वेच्छेनें पुढें आलेल्या माणसांवर प्रयोग केले. त्यांत, सुमारें १६ मिलीअँपिअर प्रवाहाला पुरुषाची मूठ सरासरीनें उघडेनाशी होते, असें दिसलें. या जाणिवेंतूनच गळती ओळखणारा स्विच प्रचारांत आला. गेलेली वीज आणि परत आलेली वीज यांत ३० मिलीअँपिअरचा फरक पडला कीं तो क्षणार्धांत मंडल तोडतो. चाचणीचें बटण महिन्यांतून एकदां दाबून तो जागा आहे कीं नाहीं हें पाहणें, एवढेंच घरच्यांचें काम.

शहरांतील घरांत जमीन फरशीखालीं दडलेली असते, म्हणून तीन टोंकांच्या प्लगांतील मोठें टोंक निरुपयोगी वाटून कित्येक जण दोन टोंकांवर भागवितात. वडीगोद्रीच्या शेतांतील सुकलेला खड्डा आणि शहरांतील इस्त्रीची तोडलेली तिसरी तार यांत भेद नाहीं. दोन्हीं ठिकाणीं विजेची परतीची सोपी वाट बंद झालेली असते, आणि मग ती माणसाच्या देहांतून वाट काढते.