पेनिसिलिनची घुसळण

औषधाचा शोध लागणे आणि ते रुग्णाच्या अंगी पडणे यांत किती अंतर असते, याचा दाखला पेनिसिलिनइतका स्पष्ट क्वचितच मिळेल. अलेक्झांडर फ्लेमिंग यांच्या दृष्टीस ती बुरशी १९२८ साली पडली. १९४१ च्या फेब्रुवारीत ऑक्सफर्ड येथे अल्बर्ट अलेक्झांडर या पोलीस शिपायास ते औषध टोचण्यात आले. चेहऱ्याची जखम चिघळून विष अंगभर भिनले होते. थोड्याच दिवसांत ताप उतरला, तो अन्न घेऊ लागला. आणि औषध संपले. त्याच्या मूत्रातून ते वेगळे काढून पुन्हा टोचले, तेही संपले. १५ मार्च रोजी तो मरण पावला. हात टेकले होते ते औषधाने नव्हे, भांड्यांनी.

ती भांडी म्हणजे शय्यापात्राच्या घाटाची पसरट मातीची पात्रे. बुरशीस हवा लागते, म्हणून ती सायीसारखी वरच धरते. अधिक औषध हवे तर अधिक भांडी मांडावयाची, एवढाच उपाय होता.

त्याच वर्षी जुलैत फ्लोरी व हीटली अमेरिकेस गेले. पिओरिया येथील सरकारी प्रयोगशाळेत अँड्र्यू मॉयर यांनी मका भिजवून उरलेले पाणी बुरशीस खाऊ घातले आणि उत्पन्न अनेक पटींनी वाढले. १९४३ साली त्याच गावच्या एका बुरसटलेल्या खरबुजावर द्रवात बुडूनही जोमाने वाढणारी जात सापडली. ब्रुकलिनची फायझर कंपनी सायट्रिक आम्लासाठी बुरशी पोसण्यात मुरलेली होती. तिने बर्फाचा एक जुना कारखाना घेऊन त्यात सुमारे ७,५०० गॅलनांचे १४ हौद बसविले. १ मार्च १९४४ रोजी ते चालू झाले.

हा हौद म्हणजे बंद पोलादी नळकांडे. मधोमध पाती लावलेला दांडा मोटारीवर फिरतो. वाचकांनी घरची रवी आठवावी. तळाच्या सच्छिद्र नळीतून निर्जंतुक हवा येते आणि पाती तिचे बुडबुडे बारीक फोडतात, कारण प्राणवायू पाण्यात फारच थोडा विरघळतो. सगळा द्रव एकत्र गरगर फिरू नये म्हणून भिंतीस उभ्या पट्ट्या असतात. वाढत्या बुरशीची ऊब थंड पाण्याने काढून न्यावी लागते, फेस आवरावा लागतो. सोवळे तर असे कडक, की हौद, नळ्या व रस आधी वाफेने शुद्ध करावयाचे. एक परका जंतू शिरला की हजारो गॅलन ओतून देण्याची पाळी.

आम्ही पडलो वकील; आम्हांस यातील एक प्रकरण विशेष टोचते. ऑक्सफर्डच्या चेन यांनी पेटंट घेण्याचा आग्रह धरला होता. मेलनबी व डेल या वजनदार मंडळींनी तो वैद्यकीय नीतीस सोडून आहे म्हणून मोडून काढला. पुढे मॉयर यांनी आपल्या पद्धतीवर पेटंटे मिळविली, आणि ब्रिटिश कारखानदारांना खोल हौदांच्या विद्येसाठी अमेरिकन कंपन्यांस पैसे मोजावे लागले. त्या निर्लोभतेविषयी आम्हांस आदर आहे. तथापि धनी नसलेल्या जमिनीवर कुंपण कोण घालतो, हे ज्याने कोर्टाची पायरी चढली त्यास ठाऊक आहे. आपल्याकडे जमीन देवाच्या नावे लावतात ती देवास शेती करावयाची असते म्हणून नव्हे, तर ती कोणी गिळू नये म्हणून. ब्रिटनने लोकांच्या पैशातून निघालेल्या शोधांचे हक्क सांभाळणारे महामंडळ कायद्याने उभारण्याचे ठरविले ते १९४८ साली. तोवर मॉयर यांची पेटंटे होऊन चुकली होती.

आपल्या देशात पुण्याजवळ पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी १९५४ साली स्थापन झाली. युनिसेफ व जागतिक आरोग्य संघटना यांचे साहाय्य तीस लाभले, आणि १९५५ साली तेथील हौदांतून पेनिसिलिन निघू लागले. पुढे तेथेच तिरुमलाचार व त्यांच्या सहकाऱ्यांनी मातीतील एका सूक्ष्मजीवापासून बुरशीजन्य रोगांवरील हॅमायसिन हे औषध काढले. त्या जीवाच्या शास्त्रीय नावात पिंपरीचे नाव गोवले आहे : स्ट्रेप्टोमायसीस पिंप्रिना.