खोड, ढेप आणि कडबा

खानदेशातल्या दुभत्या जनावरांच्या चाऱ्याचा विचार इथल्या पिकांपासूनच सुरू करावा लागतो. रावेर, यावल, चोपड्याकडे केळी, काळ्या जमिनीत कापूस आणि कोरडवाहू शिवारात ज्वारी, बाजरी, तूर. माणसाच्या वाट्याचे काढून घेतल्यावर प्रत्येक पीक मागे बरेच काही ठेवते : केळीचे खोड, सरकीची ढेप, ज्वारीचा कडबा, बाजरीचे सरमाड, जळगावच्या डाळ मिलमधली चुनी. दुष्काळी वर्षी धुळे-शिंदखेड्याकडे कडब्याची पेंढी मिळेनाशी होते, तेव्हा या साऱ्याची किंमत कळते. वाचकांनी ती एरवीही जाणून घ्यावी, यासाठी हा खटाटोप.

गाय-म्हैस रवंथ करते, हे या विषयाचे मूळ आहे. तिच्या कोठीपोटातले सूक्ष्मजीव आपल्याला न पचणारा काडीकचरा फोडतात आणि त्यातून तिला ऊर्जा मिळते. मात्र त्या सूक्ष्मजीवांनाही नत्र लागते. नुसत्या कडब्यात प्रथिने जेमतेम तीन-चार टक्के असतात. टरफलासह गाळलेल्या सरकीच्या ढेपेत ती वीस टक्क्यांच्या वर जातात. कडब्याबरोबर भिजवलेली ढेप देण्याची इथली जुनी रीत त्यामुळेच शहाणपणाची आहे, आणि तिचा मला अभिमान वाटतो.

केळीच्या खोडापाशी मात्र जरा थांबा. घड उतरवला की खोड बांधावर पडते. हिरवेगार, रसरशीत दिसते आणि जनावर ते आवडीने खाते. पण त्यात नव्वद टक्क्यांहून अधिक पाणीच असते. शंभर किलो खोडातून कोरडा चारा हाती येतो तो पाच ते आठ किलो, प्रथिनेही थोडीच. नुसत्या खोडावर पोट भरलेले दिसले, तरी दूध टिकत नाही. म्हणून खोडाची कुट्टी करावी, ती थोडी सुकू द्यावी, मग कडब्याच्या कुट्टीत मिसळून वर ढेप किंवा चुनी घालावी. ओले, सुके आणि प्रथिनांचे एकत्र आले की खोडाचे खरे मोल होते.

नव्याने या विषयाकडे वळणाऱ्याने प्रत्येक पदार्थाला तीन प्रश्न विचारावेत : यात कोरडा भाग किती, प्रथिने किती आणि हा टिकतो किती दिवस? शेवटचा प्रश्न हमखास मागे पडतो. ओल लागलेल्या ढेपेवर बुरशी येते; तिच्यातले अफ्लाटॉक्सिन जनावराच्या पोटातून दुधात उतरते. तेव्हा स्वस्त मिळाली म्हणून बुरसट ढेप घेऊ नका. सरकीत गॉसिपॉल असते. मोठ्या जनावराला ते बेताच्या प्रमाणात सोसते, लहान वासराला नाही.

राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे धुळ्याला कृषी महाविद्यालय आहे आणि जळगावला केळी संशोधन केंद्र; शंका घेऊन तिथे जरूर जा. हाताने करून पाहायचे असेल, तर युरिया प्रक्रियेपासून सुरुवात करा. शंभर किलो सुक्या चाऱ्याला चार किलो युरिया, सुमारे पन्नास लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून, थराथराने शिंपडायचा आणि ढीग प्लास्टिकखाली हवाबंद करून तीन आठवडे ठेवायचा. उघडल्यावर अमोनियाचा उग्र वास ओसरू द्या, मगच चारा गव्हाणीत टाका. पहिल्या दिवशी मूठभर पुरे. नेहमीच्या चाऱ्यात मिसळून आठ-दहा दिवसांत वाढवत न्या. सहा महिन्यांखालच्या वासरांना तो देऊ नये.