छोट्या बीएमडब्ल्यूची काटकसर

महागड्या छोट्या गाडीची खर्च वाचवण्यासाठी केलेली फेररचना सार्थ ठरली का, हे वाचलेल्या रकमेवरून कळत नाही. गाडीतून काय गेले, ते कुणाला जाणवते आणि त्या बदल्यात काय आले, हे तपासावे लागते. त्यासाठी बीएमडब्ल्यूच्या वन सिरीजइतके स्वच्छ उदाहरण क्वचितच मिळेल.

2004 साली आलेल्या पहिल्या वन सिरीजमध्ये इंजिन लांबीच्या दिशेने बसवलेले होते आणि त्याची ताकद मागच्या चाकांना मिळे. पुढची चाके फक्त वळण्याचे काम करत. पुढच्या-मागच्या चाकांवर वजनही जवळपास सारखे पडे, म्हणून स्टीअरिंग निर्मळ वाटे. याची किंमत मात्र मागे बसणारे मोजत. लांब बॉनेटने जागा खाल्ली होती, आणि मागे जाणाऱ्या शाफ्टसाठी मधोमध आलेल्या उंचवट्यामुळे मधल्या प्रवाशाला पाय ठेवणे अवघड होई.

2019 च्या तिसऱ्या पिढीत इंजिन आडवे झाले आणि गाडी पुढच्या चाकांवर आली. मिनी आणि एक्स-वन ज्या सांगाड्यावर बनतात, त्याच कुळातला सांगाडा तिला मिळाला. खरी बचत इथे आहे, कारण संशोधनाचा आणि साच्यांचा खर्च अनेक गाड्यांत विभागला जातो. दुसऱ्या पिढीच्या तुलनेत लांबी 5 मिलिमीटरने घटूनही मागच्या प्रवाशांच्या गुडघ्यांना 33 मिलिमीटर जागा वाढली आणि डिकी 360 लिटरवरून 380 लिटरची झाली.

कंपनीचे तत्कालीन प्रमुख नॉर्बर्ट रायथोफर यांनी 2010 साली सांगितले होते, की वन सिरीजच्या 80 टक्के ग्राहकांना आपली गाडी पुढच्या चाकांवरच चालते असे वाटते. हा युक्तिवाद मला अपुरा वाटतो. कारण ठाऊक नसले तरी परिणाम जाणवतोच; वळणावरचा स्थिरपणा अनुभवायला यंत्ररचना माहीत असावी लागत नाही. सुदैवाने अभियंत्यांनी हा आकडा ढाल म्हणून वापरला नाही. मागचे मल्टिलिंक सस्पेन्शन त्यांनी सर्व आवृत्त्यांत राखले. चाक घसरू लागताच ते आवरणारी, विजेवरच्या आय-थ्री-एसमधली वेगवान यंत्रणाही बसवली. 2018 च्या मर्सिडीज ए-क्लासच्या लहान इंजिनांच्या आवृत्त्यांत मात्र स्वस्त टॉर्शन बीम आला. त्यात दोन्ही मागची चाके एकाच तुळईने जोडलेली असल्याने एकाला बसलेला धक्का काही प्रमाणात दुसऱ्यापर्यंत पोचतो. अशी काटकसर प्रवाशाच्या पाठीला कळते.

या गाडीच्या आडव्या मांडणीत लांबलचक सहा सिलिंडरचे इंजिन मावत नाही. त्यामुळे दुसऱ्या पिढीतल्या एम140आय या आवृत्तीचे तीन लिटरचे, 340 अश्वशक्तीचे इंजिन गेले. तिच्या जागी आलेल्या एम135आयला दोन लिटरचे, चार सिलिंडरचे इंजिन मिळाले: 306 अश्वशक्ती आणि चारही चाकांना ताकद. ही गाडी वेगवान आहे, पण सहा सिलिंडरचा सलग, कंपरहित जोर तिच्यात नाही, आणि त्या आवृत्तीचा ग्राहक जास्तीचे पैसे त्यासाठीच देत होता. मुले आणि सामान घेऊन हिंडणाऱ्या कुटुंबासाठी ही फेररचना मी निःशंकपणे योग्य ठरवेन. एम140आयच्या मालकाला मात्र त्याची जुनी गाडी विकू नकोस असेच सांगेन.