चाळीच्या दुरुस्तीचा दावा

मुंबईतल्या जुन्या चाळींची दुरुस्ती का रखडली, याचे उत्तर बहुतेक वेळा माणसांच्या स्वभावात शोधले जाते. कुणी मालकाला चिक्कू ठरवतो, कुणी भाडेकरूला फुकट्या. पण भाडेकायद्याची कलमे शेजारी शेजारी ठेवून वाचली, की दोष स्वभावापेक्षा रचनेत अधिक दिसतो. 1947च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने इमारत राहण्याजोगी ठेवण्याची जबाबदारी मालकावर टाकली होती. त्याने टाळाटाळ केली तर भाडेकरूने नोटीस द्यावी, काम स्वतः करून घ्यावे आणि खर्च भाड्यातून वळता करावा, अशी वाटही ठेवली होती. मात्र त्याच कायद्याने जुन्या जागांचे भाडे 1 सप्टेंबर 1940च्या पातळीला बांधून टाकले. 1999च्या भाडे नियंत्रण कायद्यात हीच वाट कलम 14 मध्ये आहे आणि वर्षभरात वळती करायची रक्कम त्या वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशाहून अधिक असता कामा नये, अशी अट तिला आहे. महिना 20 रुपये भाड्याच्या खोलीला हा हिशेब लावला तर वर्षाला 60 रुपये हाती येतात. दहा बिऱ्हाडे एकत्र आली तरी 600. तेवढ्यात जिन्याच्या कुजलेल्या तुळया बदलत नाहीत. हक्क कागदावर शाबूत राहिला, पण तो बजावायचे साधन गोठलेल्या भाड्यानेच निकामी केले.

यावर भाडेकरूंच्या बाजूने एक रास्त आक्षेप येतो: मालकांनी पागडी घेतली, मग दुरुस्तीला पैसा कसा नव्हता? पागडी घेतली गेली हे खरेच आहे. पण ती खोलीचा ताबा बदलताना एकदाच मिळणारी रक्कम, आणि तिचा मोठा वाटा अनेकदा जागा सोडणाऱ्या भाडेकरूकडेच जाई. शिवाय 1999 पर्यंत ती बेकायदा होती, त्यामुळे तिच्यातून गच्चीची गळती काढा असे कोणतेही न्यायालय मालकाला सांगू शकत नव्हते. मालकांच्या बाजूचा आक्षेप उलटा आहे, की भाडे मोकळे सोडले असते तर चाळी आपोआप सुधारल्या असत्या. इतिहास याला साथ देत नाही. भाड्यावर कसलेही बंधन नव्हते तेव्हाच्या चाळींची दशा 1896च्या प्लेगने उघडी पाडली आणि 1898 साली सुधारणा ट्रस्ट स्थापावा लागला. पहिल्या महायुद्धात भाडी भडकली, म्हणून 1918 साली नियंत्रण आले. चढे भाडे घेणारा मालक दुरुस्ती करतोच, असे शहराने कधी पाहिले नव्हते. भाडे आणि दुरुस्ती यांना एकमेकांशी खरोखर बांधणारी तरतूद हवी होती.

पावसाळ्यात इमारती कोसळू लागल्यावर सरकारने तिसरा मार्ग काढला. 1969च्या कायद्याने दुरुस्ती मंडळ आले, मालमत्ता करासोबत उपकर वसूल होऊ लागला आणि बेट शहरातल्या 19,642 इमारती त्याच्या कक्षेत आल्या. माझ्या मते हा बदल भाडेकायद्याइतकाच निर्णायक होता. लाकडी टेकू लागले, तुळया बदलल्या, हजारो कुटुंबांचे छप्पर वाचले. मंडळाचे हे श्रेय नाकारणे अन्यायाचे होईल. पण तक्रारीचा पत्ता बदलला. मालकाविरुद्धचे गाऱ्हाणे मंडळाकडचा अर्ज झाले. मंडळाच्या खर्चालाही मर्यादा होती, आणि ती ओलांडली की दुरुस्तीऐवजी पुनर्विकासाची व संक्रमण शिबिराची भाषा सुरू होई. मालकाला आता दुरुस्ती टाळण्याची सोय झाली होती आणि भाडेकरूला त्याच्याशी भांडण्याचे कारण उरले नव्हते.

सर्वोच्च न्यायालयाने 1997 साली गोठलेल्या भाड्याच्या तरतुदी काळाच्या ओघात अवाजवी झाल्याचे म्हटले. 1999च्या कायद्याने वर्षाला चार टक्के वाढ दिली, तीही त्या जुन्या आकड्यावरच. त्याआधी 1986 साली विधिमंडळाने याहून पुढचे पाऊल टाकले होते. उपकरप्राप्त इमारतीतल्या 70 टक्के रहिवाशांनी सहकारी संस्था करून मागणी केली तर मासिक भाड्याच्या शंभरपट रकमेत ती इमारत संपादित करून संस्थेला देता येईल, अशी ती तरतूद. मालकांच्या संघटनेने तिला आव्हान दिले. 5 नोव्हेंबर 2024 रोजी नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने निकाल दिला तो प्रत्येक खाजगी मालमत्ता समाजाचे भौतिक साधन ठरते का, या घटनात्मक प्रश्नावर. शंभरपट भाड्याच्या तरतुदीचे काय, हे त्या पीठाने ठरवले नाही.