नामोत्तर अक्षरे आणि पशुशुश्रूषा : खानदेशातील पदनामांसंबंधी एक टिपण

नावापुढे लिहिली जाणारी अक्षरे ही एक प्रकारची साक्ष होय. पदवी शिक्षणाची साक्ष देते, नोंदणी अधिकाराची, तर पदनाम नेमणुकीची. पशुवैद्यकाच्या क्षेत्रात हा भेद कसा निर्माण झाला व खानदेशच्या व्यवहारात तो कसा पुसट झाला, हे पाहणे हा प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे.

जुन्या काळी अश्वचिकित्सकास शालिहोत्री म्हणत. अश्वशास्त्रकार शालिहोत्राच्या नावावरून साधलेला हा शब्द परंपरा सांगतो. परीक्षेशी त्याचा संबंध नाही. १८८६ मध्ये परळ येथे मुंबई पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले आणि तेथील स्नातक नावापुढे ‘जी. बी. व्ही. सी.’ ही अक्षरे लावू लागले. ‘मुंबई पशुवैद्यक महाविद्यालयाचा स्नातक’ एवढाच त्यांचा अर्थ. कालांतराने विद्यापीठाची ‘बी. व्ही. एस्सी.’ ही पदवी रूढ झाली. पुढे तीस पशुसंवर्धनदर्शक ‘ए. एच.’ ही अक्षरे जोडली गेली. अधिकाराचा प्रश्न १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियमाने सोडविला. त्यान्वये चिकित्सेचा अधिकार नोंदणीकृत पशुवैद्यकाकडे राहिला. पदविका वा प्रमाणपत्र धारण करणाऱ्यांस राज्य शासनाच्या आदेशाने किरकोळ सेवांची मुभा देता येते. परंतु ती नोंदणीकृत पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली.

आता जळगाव व धुळे, म्हणजे १९०६ मध्ये विभागलेला पूर्व व पश्चिम खानदेश, यांकडे वळू. १९६२ मध्ये जिल्हा परिषदा स्थापन झाल्यानंतर राज्यात इतरत्र त्याप्रमाणेच येथेही गुरांच्या दवाखान्यांत दीर्घकाळ श्रेणी १ व श्रेणी २ असा भेद राहिला. पहिल्यात पदवीधर पशुधन विकास अधिकारी, दुसऱ्यात पदविकाधारक पशुधन पर्यवेक्षक, आणि साहाय्यास व्रणोपचारक. शेतकऱ्याच्या तोंडी मात्र बहुधा सारेच ‘डॉक्टर’. ज्याचा बैल ऐन पेरणीत आडवा झाला आहे, त्यास समोरच्या माणसाने किती करावे व कोणास बोलवावे हे या एका शब्दावरून कळत नाही.

शुश्रूषा करणाऱ्याच्या नावाचा प्रश्न इंग्लंडातही उद्भवला होता. तेथे ‘नर्स’ हा शब्द मानवी परिचारिकांसाठी कायद्याने राखीव असल्याने १९६१ च्या योजनेत ‘ॲनिमल नर्सिंग ऑक्झिलियरी’ असे नाव योजावे लागले. ‘व्हेटरिनरी नर्स’ हे नाव १९८४ मध्ये मिळाले. नोंदणीचे दर्शक ‘आर. व्ही. एन.’ ही अक्षरे त्यानंतरची. आपल्याकडील ‘व्रणोपचारक’ हा शब्द अर्थवाही असला तरी तो केवळ पदनाम आहे. त्यामागे अक्षरे नाहीत.

यावरून काही नियम निष्पन्न होतात. पदवी ज्या रूपात प्रदान झाली त्याच रूपात लिहावी. अपूर्ण अभ्यासक्रमाची अक्षरे लावू नयेत. नोंदणी स्वतंत्रपणे दर्शवावी. पदनामास पदवीचे रूप देऊ नये. व्रणोपचारकास ‘डॉक्टर’ म्हणण्याने त्याचा मान वाढतो असे वरवर वाटते. वस्तुतः त्याने त्याचे स्वतःचे काम निनावी राहते, आणि चुकीचा भार त्याच्यावर व पशुपालकावर पडतो.