साक्षीचे दोन साचे : ‘साचा’ आणि ‘जय भीम कॉम्रेड’

डॉक्युमेंटरीसाठी मराठीत ‘अनुबोधपट’ आणि ‘माहितीपट’ अशा दोन संज्ञा रूढ आहेत. पहिल्या संज्ञेत बोध करणारा आणि बोध घेणारा अशी उतरंड गृहीत धरलेली आहे. १९४८ साली स्थापन झालेल्या फिल्म्स डिव्हिजनच्या चित्रपटांनी ही उतरंड संकेतरूपाने स्थिर केली. पडद्याबाहेरून येणारा निवेदकाचा आवाज अर्थ सांगतो आणि दृश्ये त्या अर्थाची उदाहरणे होतात. माणसे दिसतात, पण बहुधा बोलत नाहीत. हा संकेत मोडला की कोणाची साक्ष ग्राह्य मानायची, हा प्रश्न उभा राहतो. मुंबईतील श्रमिकांविषयीच्या दोन चित्रपटांनी त्याला परस्परविरुद्ध उत्तरे दिली. त्यांपैकी एकाचे चित्रीकरण चालू असतानाच भंडारा जिल्ह्यात घडलेल्या एका घटनेने तो प्रश्न अधिक निकडीचा केला.

अंजली मोंतेरो आणि के. पी. जयशंकर यांचा ‘साचा’ (२००१) कवी नारायण सुर्वे, चित्रकार सुधीर पटवर्धन आणि मुंबई शहर यांच्याभोवती विणलेला आहे. गिरणगावात ‘साचा’ म्हणजे माग. इतरत्र त्याचा अर्थ ठसा, नमुना. चित्रपटाच्या रचनेत हे दोन्ही अर्थ कार्यरत आहेत. कविता, चित्रे, आठवणी आणि शहराची दृश्ये येथे उभ्या-आडव्या धाग्यांसारखी येतात. कोणताही एक धागा दुसऱ्याचे स्पष्टीकरण ठरत नाही. १९८२च्या संपानंतर विस्कटत गेलेला कामगारवर्ग हा त्याचा विषय आहे. परंतु कामगाराचे चित्रण करण्याचा अधिकार कलावंताला कोठून प्राप्त होतो, या प्रश्नालाही त्यात तितकेच स्थान आहे. गिरणी कामगाराच्या घरी वाढलेले सुर्वे आणि व्यवसायाने क्ष-किरणतज्ज्ञ असलेले पटवर्धन यांच्या अनुभवांतील अंतर चित्रपट बुजवत नाही. येथे साक्ष म्हणजे स्मृती. ती पडताळायची नसते, तिच्यासमोर थांबायचे असते.

आनंद पटवर्धन यांच्या ‘जय भीम कॉम्रेड’ची (२०११) प्रकृती याहून सर्वस्वी भिन्न आहे. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा जण ठार झाले. त्यानंतर चारच दिवसांनी शाहीर विलास घोगरे यांनी आत्महत्या केली. त्यांचे गाणे पटवर्धनांच्या ‘हमारा शहर’मध्ये (१९८५) पूर्वीच आले होते. पुढील चौदा वर्षांच्या चित्रीकरणातून सिद्ध झालेला हा चित्रपट उलटतपासणीचे तंत्र स्वीकारतो. जमाव गॅसचे टँकर पेटवणार होता, हा पोलिसांचा दावा तो उपलब्ध चित्रफितीशी ताडून पाहतो. कॅमेऱ्यामागून प्रश्न विचारणारा दिग्दर्शकाचा आवाज तटस्थतेचा आव आणत नाही. जातिभेद उरलेला नाही असे सांगणाऱ्यांची विधाने आणि तो रोज भोगणाऱ्यांचे शब्द संकलनात परस्परांसमोर उभे केले जातात. शाहिरी गीतेही येथे रसास्वादासाठी नसून दस्तऐवज म्हणून येतात.

याच चौदा वर्षांच्या अवधीत, २९ सप्टेंबर २००६ रोजी, भंडारा जिल्ह्याच्या मोहाडी तालुक्यातील खैरलांजी येथे भोतमांगे या दलित कुटुंबातील चौघांची जमावाने हत्या केली. भंडारा येथील न्यायालयाने सप्टेंबर २००८ मध्ये आठ जणांना दोषी ठरवून त्यांपैकी सहा जणांना फाशीची शिक्षा सुनावली. जुलै २०१० मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने ती रद्द करून पंचवीस वर्षांची कैद दिली. हत्या दोन्ही न्यायालयांनी सिद्ध मानल्या. अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालील आरोप मात्र कोणीच मान्य केले नाहीत. म्हणजे कृत्य अभिलेखात राहिले आणि त्यामागील जात अभिलेखाबाहेर गेली. हत्याकांडातून बचावलेले कुटुंबप्रमुख भैयालाल भोतमांगे यांचेही २०१७ साली निधन झाले.

अशा घटनेपुढे दोन्ही चित्रपटांच्या पद्धतींची मर्यादा स्पष्ट होते. उलटतपासणीला पुरावा लागतो. जात बहुधा पुरावा न ठेवता वावरते. गावातील मौन, ओसाड पडलेले घर, टाळलेली नजर यांना कायद्याच्या भाषेत स्थान नाही. ते स्थान ‘साचा’च्या थांबून पाहण्याच्या रीतीत मिळू शकते. परंतु केवळ थांबून पाहिले, तर हत्येचे रूपांतर शोकगीतात होण्याचा आणि जबाबदारीचा प्रश्न विरून जाण्याचा धोका संभवतो. दावा आणि प्रतिदावा समोरासमोर उभे करण्याचे पटवर्धनांचे तंत्र तेथे अपरिहार्य ठरते.

म्हणून या दोन शैलींकडे कलात्मक आणि प्रचारकी अशा सोयीच्या विभागणीतून पाहणे अपुरे आहे. निवेदकाचा आवाज दूर सारल्यावर रिकाम्या झालेल्या जागेत कोणाला बोलू द्यायचे आणि त्याच्यावर कोणत्या आधाराने विश्वास ठेवायचा, याविषयीच्या त्या दोन भूमिका आहेत. माहितीपटाच्या मराठी समीक्षेने विषयाच्या थोरवीपेक्षा या भूमिकांची चिकित्सा केली पाहिजे. खैरलांजीत जे सिद्ध झाले आणि जे सिद्ध मानले गेले नाही, त्यांमधील अंतर दाखवू शकेल अशा रूपाचा शोध त्या चिकित्सेशिवाय सुरू होऊ शकत नाही.