व्हिला लुई

व्हिला लुई हे अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातील प्रेअरी डू शीन या लहानशा गावातील व्हिक्टोरियन काळातील निवासस्थान असून सध्या तेथे संग्रहालय आहे. (गावाचे नाव फ्रेंच असले तरी स्थानिक उच्चार 'शीन' असाच आहे.) मिसिसिपी नदीतील सेंट फेरिओल बेटावर हे घर उभे आहे. १९६० मध्ये त्यास राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूचा दर्जा मिळाला.

इतिहास

घराखालील टेकाड घराहून कितीतरी जुने आहे. ते प्राचीन काळी मूलनिवासी लोकांनी मातीची भर घालून रचले. १८१४ मध्ये अमेरिकन सैन्याने येथे फोर्ट शेल्बी हा किल्ला बांधला. त्याच वर्षी जुलैमध्ये तो ब्रिटिशांनी जिंकला. १८१६ मध्ये याच जागी फोर्ट क्रॉफर्ड उभा राहिला. पुढे फरच्या व्यापारात धनाढ्य झालेल्या हर्क्युलीस डाउसमन यांनी १८४३ मध्ये टेकाडावर घर बांधले. १८६८ मध्ये त्यांचे निधन झाल्यावर त्या जागी १८७० च्या सुमारास आजची इटालियन धाटणीची विटांची वास्तू उभारण्यात आली. मिलवॉकीचे एडवर्ड टाउनसेंड मिक्स हे तिचे वास्तुविशारद होत.

हर्क्युलीस यांचे पुत्र लुई यांनी १८८५ मध्ये घराचे नूतनीकरण आरंभले आणि शर्यतीच्या घोड्यांची पैदास सुरू केली. मात्र जानेवारी १८८६ मध्ये ऐन तारुण्यात त्यांचा अकस्मात मृत्यू झाला. 'व्हिला लुई' हे नाव त्यांच्याच स्मरणार्थ आहे. म्हणजे ज्यांच्या नावाने घर ओळखले जाते, त्यांना नूतनीकरण झालेल्या घरात फारसे राहताच आले नाही.

संग्रहालय

१९१३ नंतर कुटुंबाने हे घर सोडले. १९३० च्या दशकात त्याचे संग्रहालय झाले आणि १९५२ मध्ये ते राज्याच्या ऐतिहासिक संस्थेकडे आले. १९९० च्या दशकात जुन्या छायाचित्रांच्या आधारे अंतर्भागास १८९० च्या दशकातील रूप पुन्हा देण्यात आले. शिकागोचे सजावटकार जोसेफ ट्वायमन यांनी विल्यम मॉरिस यांच्या शैलीत केलेली सजावट हे त्याचे खास वैशिष्ट्य होय. कुटुंबाच्या वापरातील पुष्कळ मूळ वस्तूही येथे आहेत, जे अशा संग्रहालयांत विरळाच आढळते.

१९६५ च्या महापुरानंतर बेटावरील वस्तीचे शासकीय योजनेतून उंच जागी पुनर्वसन करण्यात आले व बहुतेक घरे पाडण्यात आली. व्हिला लुई मात्र टेकाडावर कायम राहिले. एकेकाळी शेजार असलेल्या वस्तीच्या जागी आता मोकळे उद्यान आहे.